तापाची गोळी : किती आणि केव्हा?

आपल्यांपैकी बहुतेकांच्या घरी फडताळात पॅरासिटामॉलची एखादी पट्टी असतेच. अमेरिकेत याच औषधास ॲसिटामिनोफेन म्हणतात. कोणास कणकण वाटली की आपण ती गोळी निःशंकपणे देतो. औषध गुणकारी आहे. परंतु त्याचा गुण मात्रेत आहे, हे घरोघरी ठाऊक असावे म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

१८८६ मध्ये ॲसिटॅनिलाइड हे तापावरील औषध पुढे आले. त्याने ताप उतरे, पण कित्येकांचे ओठ व नखे निळी पडत. १९४८ मध्ये न्यूयॉर्क येथे ब्रॉडी व ॲक्सेलरॉड यांनी दाखवून दिले की, शरीरात त्याचे पॅरासिटामॉल बनते आणि गुण येतो तो त्याचाच. निळेपणा आणणारा पदार्थ निराळा. तेव्हापासून पॅरासिटामॉलचा प्रसार वाढला. पुढे १९६६ मध्ये एडिंबरो येथील डॉक्टरांनी अतिमात्रेमुळे यकृताचा नाश होतो, हे प्रसिद्ध केले.

असे का व्हावे? या औषधाचा बहुतेक भाग निरुपद्रवी होऊन लघवीवाटे जातो. थोड्या भागाचे मात्र विष बनते. यकृतातील ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य ते विष मारते. मात्रा अति झाली की हा साठा संपतो व विष यकृतावरच उलटते. पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे काही दिसत नाही. कावीळ दोन-तीन दिवसांनी दिसते. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा तो साठा भरून काढतो. पण अतिमात्रा घेतल्यापासून आठ तासांच्या आत मिळाल्यास त्याचा गुण उत्तम. म्हणून लक्षणांची वाट पाहू नये, तडक रुग्णालय गाठावे.

निरोगी प्रौढाने एका वेळी ५०० ते १००० मि.ग्रॅ. घ्यावे, दोन मात्रांत निदान चार तास जाऊ द्यावेत, आणि चोवीस तासांत ४००० मि.ग्रॅ. ओलांडू नयेत. ६५० च्या सहा गोळ्यांचे ३९०० होतात. त्यावर ३२५ मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल असलेल्या सर्दीच्या दोन गोळ्या घेतल्या की बेरीज ४५५० वर जाते! नाव निराळे, औषध तेच. म्हणून वेष्टन वाचावे. मद्यपी, यकृताचे रोगी व फार कृश माणसे यांनी आधी डॉक्टरांस विचारावे.

मुलांची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते : एका वेळी किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ. थेंबांच्या औषधात बहुधा १ मिलिलिटरमध्ये १०० मि.ग्रॅ. असतात, तर पातळ औषधात ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५०. दहा किलोच्या बाळास थेंबांचे औषध चुकून चमचाभर पाजले, तर पोटात ५०० मि.ग्रॅ. जातील.

आमची एवढीच विनंती की, त्या पट्टीशेजारी एक कागद व पेन्सिल ठेवावी, आणि ज्याने औषध दिले त्याने वेळ व मात्रा टिपून ठेवावी. आईने दिलेली गोळी आजीने पुन्हा देऊ नये, यासाठी एवढी खबरदारी पुरेशी आहे.