इनामगावची पार्थिव देवता

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. त्यात इ. स. पूर्व १३०० च्या सुमाराच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची लंबगोल, झाकणाची डबी सापडली. आत एक स्त्रीमूर्ती; झाकणावर दुसरी, मस्तकहीन, आणि तिच्यापाशी बैल. या मस्तकहीन मूर्तीच्या उदरास व बैलाच्या पाठीस छिद्र आहे. बारीक काडी घातली की देवता वाहनारूढ होते. सर्व काम कच्च्या मातीचे.

व्रतापुरती कच्ची मूर्ती घडविणे आमच्या गृहिणींस नवे नाही. हरतालिकेचे वाळूचे लिंग त्यांच्याच हातचे. परंतु आपण विसर्जन करितो. त्या घराने मूर्ती झाकून जपून ठेविली. ती कशासाठी?

त्याच वस्तीत घराघरांच्या जमिनीखाली मृत बालके पुरलेली आढळली. दोन मडकी तोंडास तोंड लावून आडवी ठेवीत व आत ते मूल. सापडलेल्या दफनांत बहुसंख्य बालकांचीच आहेत. म्हणजे ज्या जमिनीत एक अपत्य निजले, तीच सारवून माता दुसऱ्याची वाट पाहात असे! देवता अपत्यदात्री असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. आमच्या मते त्या डबीत याचनेइतकेच भयही ठेविलेले आहे. सटवाईच्या रात्री बाळंतिणीच्या खोलीतील दिवा विझू नये म्हणून जागणाऱ्या आजीबाईंस ते कोणी समजावून सांगावयास नको.