परक्या घरी वसण्याची विद्या

कोलार नदीकाठचे आमचे सावनेर हे काही जगाच्या हमरस्त्यावरचे गाव नव्हे. मराठी वाचकांस ते ठाऊक असलेच, तर राम गणेश गडकरी यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी येथे देह ठेवला म्हणून. एरवी संत्र्यांच्या बागा, कापूस, कोळशाच्या खाणी आणि छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता एवढीच या गावाची ओळख. परंतु आता अशा गावांतूनही मुले-मुली उच्च शिक्षणासाठी परदेशी निघू लागली आहेत. अध्यापनात आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाकडे त्यांची वडील मंडळी विचारपूस करावयास येतात. त्यांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. विद्यापीठ नावाजलेले आहे ना? कर्ज किती काढावे? पुढे नोकरी लागेल काय? जेवणाखाण्याचे कसे होईल? हे सारे प्रश्न रास्तच आहेत. तथापि ज्या एका गोष्टीवर मुलाचे तेथील सारे सुखदुःख अवलंबून असते, तिचा विचार क्वचितच होतो. ती गोष्ट ही की, मुलगा तेथे परका होणार आहे. आणि परक्याने कसे राहावे, हे त्यास कोणी शिकविले आहे काय?

‘प्रवास’ हा शब्द पाहा. आज आपण गाडीत किंवा विमानात बसण्यास प्रवास म्हणतो. पण त्यातील मूळ धातू ‘वस्’, म्हणजे राहणे, हा होय. प्रवास म्हणजे खरोखर घरापासून दूर राहणे. जाणे सोपे, वसणे कठीण, हे त्या शब्दानेच सांगून ठेविले आहे. आणि हाच धातू आपल्या घरातील एका अगदी परिचित शब्दात दडलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘सासुरवाशीण’.

परकेपणाची विद्या आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कोणी आत्मसात केली असेल, तर ती सुनेने. ती घरात येते तेव्हा कोणता डबा कोठे आहे, वरणात गूळ किती चालतो, कोणापाशी काय बोलावे, यांपैकी तिला काहीच ठाऊक नसते. ती आधी पाहते, मग विचारते, मग हळूहळू एखादे काम आपलेसे करते; आणि काही वर्षांनी तिच्यावाचून घराचे पान हालत नाही. तरीही माहेर ती विसरत नाही. ही विद्या तिला पुष्कळदा अश्रू ढाळूनच मिळाली, हेही येथे सांगितले पाहिजे. पुरुषांना मात्र हा पाठ गिरवावाच लागला नाही. म्हणून परदेशी निघालेल्या मुलाने बँकेच्या अधिकाऱ्याइतकाच आपल्या आईचा आणि काकूचाही सल्ला घ्यावा, असे आम्ही म्हणतो.

या विद्येत दोन बाजूंचे कर्तव्य आहे. जाणाराचे आणि मागे राहणाराचे. मागे राहणाऱ्या समाजाच्या अटी किती जड होऊ शकतात, हे आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रावरून कळते. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. समुद्रपर्यटन कलिवर्ज्य मानणारा तो काळ. जाण्यापूर्वी श्रीरामपूर येथे जाहीर भाषण करून, आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, असे त्यांस लोकांपुढे सांगावे लागले. हा शब्द त्यांनी पाळला. फिलाडेल्फियाच्या कडक थंडीत त्यांनी आपला पोशाख आणि शाकाहार सोडला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांस वैद्यकाची पदवी मिळाली. आणि क्षयाने खंगून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूस ही बंधनेच कारण झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. क्षयावर त्या काळी औषधच नव्हते. परंतु बावीस वर्षेही न भरलेल्या त्या मुलीच्या खांद्यावर अभ्यासाबरोबर साऱ्या समाजाची अब्रूही आपण लादली होती, हे मात्र खरे. तेथे रोजेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांस लेकीसारखे वागविले. परक्या देशातही एखादे माहेर मिळू शकते, याचे हे उदाहरण होय.

जाणाऱ्याचे कर्तव्य पाहावयाचे तर फार दूर जावयास नको. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ साली वर्ध्याचा. देश स्वतंत्र करण्याच्या ध्यासाने ते बाहेर पडले, जपानवरून अमेरिकेस पोचले, तेथे त्यांनी शेतकीचे शिक्षण घेतले आणि गदर पक्षाच्या उभारणीत भाग घेतला. पहिल्या महायुद्धानंतर मायदेशाचे दार त्यांस बंदच होते. अखेर १९२४ साली ते मेक्सिकोत गेले. तो देश परका, भाषा स्पॅनिश, हातात पैसा नाही. पण हातात विद्या होती. चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयात ते अध्यापक झाले. मका हे तेथील लोकांचे मुख्य अन्न. खानखोजे यांनी त्याच मक्यावर संशोधन केले, त्याचा रानटी वाणांशी संकर करून पाहिला आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढण्यात पुढाकार घेतला. तेथील थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी आपल्या एका भित्तिचित्रात त्यांची आकृती रेखाटली. लक्षात घ्या, या गृहस्थाने तेथे वऱ्हाडी ज्वारीचे गोडवे गात बसणे पत्करले नाही. ज्या घरी राहावयाचे, त्या घराच्या ताटात काय आहे हे त्याने पाहिले, आणि तेच अन्न अधिक पिकावे म्हणून तो झटला. चांगली सून याहून निराळे काय करते? आणि माहेरही सुटले नाही. स्वातंत्र्यानंतर ते नागपुरास परत आले, आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

आता उलट बाजू. आपण परक्यास घरात कसे घेतो? ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर हेही १८८४ सालचेच, जन्म रायपूरचा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन ते लंडनमार्गे परतले. लंडनमध्ये त्यांची ओळख झालेल्या इडिथ कोहन या ज्यू तरुणीशी पुढे १९२० साली त्यांचा विवाह झाला, आणि त्या शीलवतीबाई केतकर झाल्या. पुण्यातील तत्कालीन ब्राह्मणी समाजात युरोपीय सून म्हणजे केवढा गहजब! पैशाची चणचण तर ज्ञानकोशाच्या पाचवीलाच पुजलेली. अशा संसारात त्या राहिल्या, मराठी शिकल्या, आणि विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या जर्मन इतिहासाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी केले. केतकरांच्या पश्चात ‘मीच हे सांगितले पाहिजे’ या नावाने त्यांच्या आठवणी मराठीत प्रसिद्ध झाल्या. परदेशात आपल्या मुलास कोणी जवळ करीत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी आपल्या आळीत परका माणूस आला तर आपण त्यास कितपत जवळ करतो, हेही पाहावे.

आजचा काळ अर्थातच निराळा. प्रायश्चित्ताचे भय उरले नाही; त्याची जागा कायद्याने आणि कर्जाने घेतली आहे. अमेरिकेत विद्यार्थ्यास सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच, आठवड्यास २० तासांपर्यंत काम करता येते. त्या कमाईवर सारे शिक्षण भागेल, हा भ्रम निघण्यापूर्वीच टाकावा. पुढे तिकडचे नागरिकत्व घेतले तर १९५५ च्या कायद्यान्वये भारताचे नागरिकत्व संपते. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही. म्हणजे परकेपणाचा निर्णय एके दिवशी कागदावर सही करून घ्यावा लागतो. तेव्हा मुलाच्या मनात काय कालवाकालव होईल, याची कल्पना घरातील मंडळींनी आधीच करून ठेविलेली बरी.

पैशाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. संत्र्याची बाग किंवा राहते घर गहाण टाकून मुलगा पाठविला, की त्याचे तेथील प्रत्येक अपयश घराच्या छपरावर कोसळणार, हे त्यास ठाऊक असते. मग तो खरे बोलत नाही. येथे रात्रीचे जेवण आटोपते तेव्हा अमेरिकेत सकाळ असते. फोनवर तो ‘सारे ठीक आहे’ म्हणतो. इकडे आजोबा रुग्णालयात असले तरी आपणही ‘सारे ठीक आहे’ असेच सांगतो. दोन्हीकडून प्रेमापोटी असत्य बोलले जाते, आणि त्या असत्यानेच अंतर वाढते. समुद्राने इतके वाढत नाही.

म्हणून निघण्यापूर्वीच भावाभावांनी, सुनांसह, एकत्र बसावे. म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याचे कोण पाहील, खर्चाचा वाटा कोणाचा, अडचणीच्या वेळी निर्णय कोणी घ्यावयाचा, हे सर्वांसमक्ष ठरवावे. मागे राहणारा मुलगा आणि त्याची पत्नी यांच्या सेवेचा हिशेब बहुधा कोणीच करीत नाही, आणि डॉलर पाठविणाऱ्याचे कौतुक मात्र चारचौघांत होते. एकत्र कुटुंबे फुटतात ती येथे.

मुलगा परदेशी गेला की ‘घर पोरके झाले’ असे आपण म्हणतो. सून घरात आली तेव्हाही एक घर असेच पोरके झाले होते. त्याचे दुःख मात्र आपण रीत म्हणून सहज स्वीकारले. त्या घराने जे केले, तेच आता आपणांस करावयाचे आहे. लेक बदलली म्हणून माहेर तिला दूर लोटत नाही. ती रिकाम्या हाताने आली तरी पाट मांडते. आणि रडावेसे वाटले तर रडू देते. परदेशी वसलेल्या मुलाला, मुलीला, आपले घर असे माहेर वाटले, तर तो परक्या घरी ताठ मानेने राहील. पाठवावे की न पाठवावे, हे ज्याने त्याने आपल्या शक्तीप्रमाणे ठरवावे. पण पाठवावयाचे ठरले, तर मुलाच्या सामानाची यादी करण्यापूर्वी घरातल्या घरात या एका गोष्टीची तयारी अवश्य करावी.