देवमासे गेले, तरी क्रिल वाढले नाहीत

विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांहून अधिक देवमासे मारले गेले. कार्ल अँटन लार्सन या नॉर्वेच्या कप्तानाने १९०४ मध्ये दक्षिण जॉर्जिया बेटावर ग्रिटव्हिकन इथे देवमाशांच्या शिकारीचं केंद्र उभारलं आणि अंटार्क्टिकच्या समुद्रातली कत्तल सुरू झाली. तिथले निळे देवमासे दोन लाखांहून जास्त होते, ते सत्तरच्या दशकापर्यंत काहीशेवर आले. हे देवमासे ज्याच्यावर पोसत होते तो जीव जेमतेम सहा सेंटिमीटर लांबीचा. त्याचं नाव क्रिल.

एक मोठा निळा देवमासा ऐन हंगामात दिवसाला काही टन क्रिल गिळतो. मग खाणारेच संपले, तर खाणं शिल्लक राहायला हवं. त्या काळच्या शास्त्रज्ञांनी हाच हिशेब मांडला. दरवर्षी कोट्यवधी टन क्रिल उरत असणार, सील आणि पेंग्विन त्यावर वाढतील, माणसालाही त्यातला वाटा उचलता येईल, असं मानलं गेलं.

तसं झालं नाही. क्रिलची सर्वाधिक दाटी असते ती अटलांटिकच्या दक्षिण टोकाला, अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या आसपास. तिथल्या जाळ्यांच्या जुन्या-नव्या नोंदी ब्रिटिश शास्त्रज्ञ अँगस अ‍ॅटकिन्सन आणि सहकाऱ्यांनी एकत्र केल्या, तेव्हा १९७० नंतर क्रिल घटत गेल्याचं दिसलं. त्यांचा शोधनिबंध २००४ मध्ये आला. घट नेमकी किती, यावर अजून वाद आहेत. पण अपेक्षित होती तशी भरमसाट वाढ कुणालाच सापडलेली नाही.

हे कोडं सुटायला आधी क्रिल कसा जगतो ते पाहायला हवं. कोकणातल्या माणसाला क्रिलचा फोटो दाखवला तर तो जवळाच म्हणेल. दिसायला दोघे तसेच आहेत, पारदर्शक अंगाचे आणि टपोऱ्या काळ्या डोळ्यांचे. पण जवळा कोलंबीच्या गोतावळ्यातला, तर क्रिलचा गण निराळा. क्रिलचे कल्ले कवचाखाली झाकलेले नसतात, उघडे दिसतात. बहुतेक क्रिलच्या अंगावर निळसर उजेड देणारे अवयव असतात. जगात क्रिलच्या ८५च्या आसपास जाती आहेत. त्यातली अंटार्क्टिक क्रिल ही सर्वांत मोठ्या जातींपैकी एक, आणि या लेखात क्रिल म्हणजे तीच.

पुढच्या पायांवरच्या बारीक केसांची टोपली करून क्रिल पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून घेतो. त्याच्या झुंडी मैलोन्‌मैल पसरतात, दाट झुंडीत एका घनमीटर पाण्यात दहा हजारांवर क्रिल असतात. मादी एका वेळी हजारो अंडी घालते. ती अंडी बुडत बुडत शेकडो मीटर खोल जातात, अंधारात फुटतात, आणि त्यातून निघालेली पिल्लं काहीही न खाता, अंगातल्या शिदोरीवर, पृष्ठभागाकडे चढू लागतात. हा प्रवास काही आठवड्यांचा. वर पोचेपर्यंत हिवाळा जवळ आलेला असतो आणि समुद्र गोठू लागतो. गोठलेल्या बर्फाच्या खालच्या बाजूला शेवाळ धरतं. ते खरवडून पिल्लं हिवाळा काढतात. बर्फ उशिरा धरला किंवा लवकर वितळला तर त्या वर्षीची पिढी उपाशी मरते. द्वीपकल्पाच्या पश्चिमेला समुद्री बर्फाचा हंगाम गेल्या काही दशकांत आखडला आहे, आणि क्रिलच्या घटीमागचं एक कारण हेच मानलं जातं.

प्रौढ क्रिलचा चिवटपणा मात्र थक्क करणारा आहे. अन्न मिळेनासं झालं की तो कात टाकतो आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा लहान होतो. प्रयोगशाळेत काही क्रिल २०० दिवसांहून अधिक काळ अन्नाशिवाय जगले. त्यामुळे केवळ लांबी मोजून क्रिलचं वय सांगणं अवघड होऊन बसतं. तो पाच-सहा वर्षं जगतो, इतक्या छोट्या जिवासाठी हे आयुष्य मोठंच आहे.

आता कोड्याकडे वळू. अंटार्क्टिकच्या समुद्रात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर आहेत, तरी तिथे शेवाळ फारसं वाढत नाही, कारण लोह नाही. जमीन दूर, त्यामुळे लोह असलेली धूळ तिथवर फार कमी पोचते. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही गोष्ट ठामपणे मांडली. मग जे थोडंबहुत लोह आहे, ते टिकवून फिरतं ठेवतं कोण? स्टीफन निकोल आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियातल्या सहकाऱ्यांनी देवमाशांची विष्ठा तपासली. २०१० मध्ये त्यांनी जाहीर केलं, की तिच्यात आसपासच्या समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे एक कोटी पट लोह असतं. हे लोह येतं क्रिलमधून. देवमासा खाली बुडी मारून क्रिल खातो आणि विष्ठा टाकतो पृष्ठभागाजवळ, जिथे ऊन आहे आणि शेवाळ वाढू शकतं. शेवाळ वाढलं की क्रिल वाढतात, क्रिल वाढले की देवमासे. क्रिल स्वतःही काही वेळा समुद्रतळापर्यंत उतरून चरतात आणि तिथल्या गाळातलं लोह पोटातून वर आणतात.

म्हणजे देवमासे क्रिलचे नुसते भक्षक नव्हते. आपलं अन्न पिकवणाऱ्या पाण्याला ते खतही घालत होते. देवमासे गेले, खत थांबलं. २०२१ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ मॅथ्यू सॅव्होका आणि सहकाऱ्यांनी देवमाशांना उपकरणं चिकटवून त्यांचं खाणं मोजलं. त्यावरून काढलेला अंदाज असा, की शिकारीपूर्वी या समुद्रातले देवमासे वर्षाला सुमारे ४३ कोटी टन क्रिल खात असत. आजच्या सगळ्या अंटार्क्टिक क्रिलचं वजन साधारण ३८ कोटी टन धरलं जातं. इतके क्रिल खाल्ले जात होते आणि तरी ते संपत नव्हते.

मग आपणच लोह ओतलं तर? हा प्रयत्नही झाला, आणि त्यात गोव्याचा मोठा वाटा होता. २००९ मध्ये दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे वाजिह नक्वी आणि जर्मनीचे व्हिक्टर स्मेटासेक यांच्या नेतृत्वाखाली ‘लोहाफेक्स’ ही भारत-जर्मन मोहीम ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून दक्षिण अटलांटिकमध्ये गेली. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोहसल्फेट सोडलं गेलं. शेवाळ वाढलं, पण ज्या कवचधारी डायटमांवर भिस्त होती ते वाढू शकले नाहीत, कारण त्या पाण्यात सिलिका अपुरी होती. बाकीचं शेवाळ इतर छोट्या जिवांनी फस्त केलं आणि शेवाळाबरोबर खोल समुद्रात बुडायला हवा होता तो कार्बन अगदी थोडाच गेला. मला ही मोहीम फार मोलाची वाटते. अपेक्षेविरुद्ध आलेला निकाल तिने जगासमोर ठेवला आणि लोह ओतून समुद्र सुपीक करण्याचा सोपा मार्ग नसल्याचं दाखवून दिलं.

क्रिल खाणाऱ्यांत सील, पेंग्विन, मासे, समुद्रपक्षी असे सगळेच येतात. खेकडेखाऊ नाव पडलेला सील प्रत्यक्षात क्रिलवरच जगतो, आणि त्याचे दातही गाळणीसारखे आहेत. या पंगतीत साठच्या दशकात सोव्हिएत जहाजं येऊन बसली. १९८२च्या हंगामात क्रिलची पकड पाच लाख टनांच्या वर गेली होती. पुढे सोव्हिएत संघ कोसळला आणि ती घसरली. आता नॉर्वे आणि चीन आघाडीवर आहेत. पकडलेला क्रिल मुख्यतः मत्स्यशेतीतल्या सामन माशांचं खाद्य आणि कॅप्सूलमधलं तेल यासाठी जातो.

या समुद्रातल्या जीवसृष्टीसाठी १९८० मध्ये करार झाला, त्याचा आयोग ऑस्ट्रेलियातल्या होबार्टमध्ये आहे. दक्षिण अटलांटिकच्या भागात ६ लाख २० हजार टनांची मर्यादा त्याने घातली आहे. तिथल्या एकूण क्रिलच्या मानाने ही जेमतेम एक टक्का, असं मासेमारी उद्योग सांगतो. आकडा बरोबर आहे, त्यातून निघणारा दिलासा चुकीचा आहे. जहाजं सगळ्या समुद्रात विखुरलेली नसतात. पेंग्विन पिल्लांसाठी अन्न शोधतात आणि देवमासे चरतात, नेमक्या त्याच पट्ट्यात ती गर्दी करतात. ही पकड छोट्या छोट्या विभागांत वाटून देणारा नियम २०२४ मध्ये मुदत संपून गळून पडला आणि पुढच्याच हंगामात, २०२५ मध्ये, ती मर्यादा पहिल्यांदाच गाठली गेली. हंगाम ऑगस्टमध्येच बंद करावा लागला.

देवमासे हळूहळू परतत आहेत. पन्नास वर्षांपूर्वीची ‘शिल्लक क्रिल’ची कल्पना चुकीची ठरली आहे. तिच्याच आधारे आज टक्केवारी मांडणं मला धोक्याचं वाटतं.

होबार्टच्या आयोगात निर्णय सर्वसहमतीने होतात, एका देशाचा नकारही पुरेसा असतो. भारत या आयोगाचा सदस्य आहे. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रात संरक्षित क्षेत्रं आखण्याच्या प्रस्तावांना भारताने २०२१ मध्ये सहप्रायोजक म्हणून पाठिंबा जाहीर केला. पूर्व अंटार्क्टिकाचा प्रस्ताव २०१२ पासून चर्चेत आहे. ‘लोहाफेक्स’चा अनुभव असलेल्या देशाने त्या पाठिंब्यावर न थांबता विरोध करणाऱ्या देशांचं मन वळवायला पुढे यावं, आणि क्रिलच्या पकडीची विभागवार वाटणी पुन्हा लागू करण्याचा आग्रह धरावा.