डावी लेन कुणाची?

ऊसतोडीच्या हंगामात, दिवेलागणीनंतर पुणे-सोलापूर महामार्गावर यवतहून चौफुल्याकडे निघालं, की डाव्या लेनमध्ये काय काय भेटतं ते बघा. एक ट्रॅक्टर, त्यामागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर बाहेर आलेल्या उसाखाली झाकलेला. पलीकडून रॉंग साईडने येणारी मोटारसायकल, कारण दुभाजकातला पुढचा छेद लांब आहे आणि घर समोर दिसतंय. धाब्यापुढे निम्मा रस्त्यावर उभा केलेला ट्रेलर. गुऱ्हाळाकडे वळू पाहणारा टेम्पो. आणि मग उजव्या लेनमध्ये, दुभाजक धरून, आपल्याच तालात चाललेला मालट्रक. त्याच्यामागे मोटारींची रांग, हॉर्न आणि डिपरचा लखलखाट.

या रांगेतल्या प्रत्येकाचं मत एकच असतं: ट्रकवाल्यांना डावीकडे हाकला. मागणी चुकीची नाही. संथ वाहनाने डावीकडून चालावं, उजवी लेन ओलांडण्यापुरती वापरावी, हा नियम आपल्याकडे आहेच आणि लेन मोडणाऱ्याला दंडही आहे. प्रश्न एवढाच, की ट्रकने डावीकडे जायचं म्हणजे नेमकं कुठे जायचं?

ट्रकवाल्याच्या बाजूने बघू. अठरा टनांचं ओझं घेऊन तो साठच्या वेगाला आला आहे. डाव्या लेनमध्ये राहिला, तर दर अर्ध्या किलोमीटरला कुणासाठी तरी ब्रेक, मग गिअर उतरवा, पुन्हा वेग घ्या. त्यात डिझेल जातं, वेळ जातो आणि अंधारात एखादी दुचाकी चाकाखाली येण्याची भीती असते. दुभाजकाकडून निदान कुणी अचानक घुसत नाही (छेदाची ठिकाणं सोडून). तो उजवीकडे येतो तो माजामुळे नाही. सगळी गणितं तिकडेच ढकलतात. माजाने येणारेही असतात, पण त्यांच्यासाठी दंड पुरेसा आहे.

खरा घोळ वेगातल्या फरकाचा आहे. २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी १०० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे, मालवाहू वाहनाला ८०ची. ऑक्टोबर २०१५ नंतर तयार झालेल्या मालवाहू वाहनांना ८०वर अडवणारा वेगनियंत्रक सक्तीचा आहे. टँकर आणि डंपरना तो ६०वर. लोणी काळभोरला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, कुरकुंभला रसायनांची एमआयडीसी. म्हणजे या रस्त्यावर टँकरची कमी नाही, आणि प्रत्येक टँकर कायद्यानेच मोटारीपेक्षा ४० किलोमीटरने मागे आहे. ट्रॅक्टर तर वीस-पंचवीसनेच जाणार. शंभराच्या वेगातली मोटार अशा ट्रॉलीकडे सेकंदाला सुमारे २२ मीटरने सरकते. बिनदिव्याची ट्रॉली साठ मीटरवर दिसली, तर हातात तीन सेकंदही नाहीत. त्यातला एक तरी सेकंद पाय ब्रेकवर पोचण्यात जातो.

चौपदरी रस्त्याचं दुसरं दुखणं साध्या गुणाकारात दिसतं. ६०ने चाललेल्या ट्रकला ६२ने चाललेला ट्रक ओलांडू लागला, तर आधीचं-नंतरचं अंतर धरून चाळीस मीटर भरून काढायला त्याला सव्वा मिनिट लागतो. तेवढ्यात सव्वा किलोमीटर रस्ता दोघांनी मिळून अडवलेला असतो. एका बाजूला दोनच लेन असताना 'ट्रक डावीकडे' हा नियम इथेच गळपटतो. जर्मनीत यासाठी ठरावीक टप्प्यांवर ट्रकना ओलांडायलाच बंदी असते, शिवाय रविवारी रात्री दहापर्यंत जड ट्रक रस्त्यावर आणायचे नाहीत. आपल्याकडे रविवारी ट्रक थांबवले तर सोमवारी मार्केट यार्डात कांदा कुठून येणार, हे कुणी विचारायचं?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं उदाहरण लगेच पुढे केलं जातं. तिथे लेन मोडणारा अवजड ट्रक कॅमेऱ्यात सापडतो आणि दंडाची पावती घरी येते. पण तो रस्ता सहापदरी, दोन्हीकडून कुंपण घातलेला. तिथे दुचाकी नाही, ट्रॅक्टर नाही, म्हैस नाही, फाट्यावर हात करून उभा असलेला प्रवासी नाही. डावी लेन खरोखर मोकळी असते, म्हणून ट्रकला तिकडे राहा म्हणता येतं. अमेरिकेतला न्यू जर्सी टर्नपाइक याच्याही पुढे गेला. त्याच्या मोठ्या टप्प्यावर प्रत्येक दिशेला दोन वेगळे रस्ते आहेत: आतला फक्त मोटारींसाठी, बाहेरचा ट्रक, बस आणि हवं तर मोटारींसाठीही. मधोमध कठडा. मात्र तोही प्रवेश-नियंत्रित टोलरस्ता. गाव त्याच्या अंगावर वसलेलं नाही.

यवतच्या माणसांपुढे हा विषय काढायचा तर जपून काढावा लागतो. जुलै २०१९ मध्ये रायगडची सहल करून परतणारे नऊ तरुण विद्यार्थी याच रस्त्यावर कदमवाकवस्तीजवळ मोटार आणि ट्रकच्या धडकेत गेले. मुलं या भागातलीच. मोटार दुभाजक ओलांडून पलीकडे गेली आणि समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळली. तो ट्रक आपल्याच बाजूने चालला होता. लेनची शिस्त कितीही कडक असती, तरी हा अपघात तिच्याने टळला नसता; टळला असता तर मोटार अडवून पुन्हा आपल्याच बाजूला ढकलणाऱ्या भक्कम कठड्याने. झाडं लावायला सोयीचा बुटका दुभाजक हे काम करत नाही. विलगीकरण म्हणताना आपण एकाच दिशेच्या वाहनांचा विचार करतो. समोरासमोरचं विलगीकरण आधी पक्कं हवं.

ट्रकचा आणखी एक हिशेब मोटारवाल्यांच्या ध्यानात नसतो. रस्ता झिजवण्याचं काम जवळपास सगळं ट्रकच करतात. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये ट्रक फिरवून ज्या चाचण्या झाल्या, त्यातून निघालेला ठोकताळा असा: आसावरचा भार दुप्पट, तर नुकसान सोळापट. आपल्याकडे २०१८ मध्ये चारचाकी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. भार एक-अष्टमांशाने वाढला, या ठोकताळ्याने झीज साठ टक्क्यांनी. सगळे ट्रक एकाच डाव्या लेनमध्ये कोंबले, तर ती लेन त्या वजनाने बांधायला हवी. नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथे चाकोऱ्या पडतात आणि ट्रक पुन्हा उजवीकडे.

आता नवीन आशा आहे ती वरच्या रस्त्याची. हडपसर ते यवत सहापदरी उन्नत मार्ग आणि खालच्या रस्त्याचं सहापदरीकरण, या ५,००० कोटींहून अधिक खर्चाच्या कामाला राज्य सरकारने २०२५ मध्ये मंजुरी दिली. कागदावर हे उत्तम विलगीकरण आहे: लांबचे वरून, गाववाले खालून. माझ्या मते यवतला मोटार आणि ट्रक वेगळे करण्यापेक्षा लांबचं आणि जवळचं वेगळं करण्याची गरज जास्त आहे. सोलापूरहून आलेला ट्रक आणि सोलापूरहून आलेली मोटार एकमेकांशी जमवून घेतील. दोघांचंही ट्रॅक्टरशी जमणार नाही. गावाने वारीत हे अनुभवलं आहे. तुकोबांची पालखी मुक्कामाला येते, पिठलं-भाकरीच्या पंगती बसतात, आणि अवजड वाहनं दुसऱ्या रस्त्याने वळवली जातात. तेवढ्यापुरता रस्ता गावाचा होतो.

पण वर कोण जाणार हे अभियंता ठरवत नाही, टोल ठरवतो. केंद्राच्या २००८च्या टोल नियमांतले मूळ दर किलोमीटरला मोटारीसाठी ६५ पैसे, ट्रकसाठी २ रुपये २० पैसे आणि चार ते सहा आसांच्या वाहनासाठी ३ रुपये ४५ पैसे होते. म्हणजे ट्रकला मोटारीच्या सव्वातीनपटीहून जास्त, मोठ्या ट्रेलरला पाचपटीहून जास्त. याच प्रमाणात वर टोल लागला आणि खालचा रस्ता फुकट राहिला, तर मोटारी वरून सुसाट निघतील. ट्रक, टँकर, ट्रॉली, दुचाकी, शाळेची मुलं असे सगळे खाली एकत्र. खालची कोंडी कमी झाल्यामुळे वेग वाढेल, तो वेगळाच. ट्रकना रात्री वर सवलत, लांबच्या ट्रकना खालून बंदी, किंवा दोन्ही, हे करार होण्याआधी ठरवायचं असतं. ठेकेदाराचा वसुलीचा हिशेब एकदा बसला की कुणी हलवत नाही. खालच्या सहा पदरांबरोबर सलग सेवारस्ता, ट्रक उभे करायला वाहनतळ आणि ट्रॉलीच्या दिव्यांची कारखान्याच्या गेटवरच तपासणी, हेही त्याच बैठकीत मागावं लागेल.

तसं झालं नाही, तर कुरकुंभहून निघालेल्या टँकरचालकाला यवतजवळ वरच्या रस्त्याचा रॅम्प आणि टोलचा आकडा एकदमच दिसेल. तो मालकाला फोन लावेल. मालक काय म्हणेल, ते सांगायला वाहतूकतज्ज्ञ लागत नाही.