सर्वसमावेशक चित्रपटनिर्मितीचे प्रशिक्षण : प्रवेशापासून ध्वनिपट्टीपर्यंत

प्रस्तावना

चित्रपटनिर्मितीचे शिक्षण आता पुणे आणि कोलकाता येथील राष्ट्रीय संस्थांपुरते मर्यादित राहिलेले नाही. जनसंवाद, पत्रकारिता, इतकेच नव्हे तर भाषा विभागांतूनही लघुपट हा प्रात्यक्षिकाचा भाग झाला आहे. या अभ्यासक्रमांत सामाजिक जबाबदारीचा उल्लेख असतोच. तथापि तो बहुधा एखाद्या पाहुण्यांच्या व्याख्यानाने उरकला जातो. विद्यार्थी टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखाच कॅमेरा उचलतात. सर्वसमावेशकता हा मूल्यशिक्षणाचा स्वतंत्र घटक नसून तो पटकथा, चित्रण, संकलन व ध्वनी या कौशल्यांचाच भाग आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. जात, लिंगभाव, भाषा अशा अनेक अंगांनी हा विषय मांडता येईल. येथे केवळ अपंगत्वाचा विचार केला आहे, कारण या बाबतीत अलीकडच्या काळात न्यायालय व शासन या दोहोंनी चित्रपट-शिक्षकाला थेट उपयोगी पडेल असे काही सांगून ठेवले आहे.

प्रवेशाचा प्रश्न

कोण शिकू शकतो, हा प्रशिक्षणाचा पहिला प्रश्न होय. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत २०१५ मध्ये पाटण्याच्या एका उमेदवाराची संकलनाच्या पदविका अभ्यासक्रमासाठी निवड झाली. वैद्यकीय तपासणीत त्यास रंगांधत्व असल्याचे आढळले आणि प्रवेश नाकारण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयात त्याला दाद मिळाली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नेमलेल्या समितीत नेत्रतज्ज्ञाबरोबरच छायाचित्रण व संकलन या क्षेत्रांतील जाणकारही होते, ही बाब लक्षणीय आहे. रंगांधत्वामुळे विद्यार्थ्याला काय दिसत नाही, हे नेत्रतज्ज्ञ सांगू शकतो. परंतु संकलकाला प्रत्यक्षात काय दिसणे आवश्यक असते, हे संकलकच सांगणार. अंतिम रंगसंस्करण हे व्यवसायात स्वतंत्र तंत्रज्ञाचे काम असते. त्यामुळे संकलनाच्या अभ्यासक्रमातील त्याविषयीचा घटक वगळावा किंवा ऐच्छिक करावा, अशी सूचना पुढे आली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रंगांधत्वाच्या कारणावरून प्रवेश रोखता येणार नाही, असा निर्णय दिला. चित्रपटनिर्मिती ही कला आहे आणि सहकाऱ्याच्या साहाय्याने ही मर्यादा ओलांडता येते, ही त्यामागची भूमिका होती.

या निकालाचे शैक्षणिक महत्त्व अद्याप पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही. चित्रपट हे मुळातच अनेकांच्या हातांचे काम आहे. दिग्दर्शकाला प्रकाशमापन येत नसले तरी चालते, कारण छायालेखक सोबत असतो. मग हीच सवलत अपंग विद्यार्थ्याला का नसावी? आपल्या महाविद्यालयांत प्रवेशाची लेखी अट नसते हे खरे. परंतु संगणक कक्ष तिसऱ्या मजल्यावर आणि उद्वाहक बंद, ही अटच नव्हे काय?

पटकथा आणि चित्रण

काही वर्षांपूर्वी आमच्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी सात मिनिटांचा लघुपट केला होता. रस्त्यावर गाणारा अंध गायक, काळा चष्मा, हात पुढे करून चाचपडत चालणे, करुण बासरी आणि अखेरीस वाडग्यात पडणारे नाणे. छायाचित्रण चांगले होते. मीही गुण चांगलेच दिले होते, हे येथे कबूल केले पाहिजे. प्रदर्शनाला कला शाखेतील एक अंध विद्यार्थी उपस्थित होता. त्याने दोनच प्रश्न विचारले. "शेवटी सगळे गप्प झाले तेव्हा पडद्यावर काय झाले?" आणि "लिहिण्यापूर्वी आमच्यापैकी कोणाशी बोलला होता का?" हातात काठी असलेला माणूस हात पुढे करून चालत नाही, पुढच्या पावलाची जागा काठीच तपासते, हेही त्याने सहज सांगितले. म्हणजे चूक संवेदनेची होती तितकीच निरीक्षणाचीही होती, आणि निरीक्षण हे आम्ही शिकवीत असलेले कौशल्य होते.

याच्या उलट सई परांजपे यांच्या 'स्पर्श' या चित्रपटाचे उदाहरण देता येईल. दिल्लीच्या अंधशाळेत त्याचे चित्रण झाले आणि तेथील मुलांनीच त्यात कामे केली. नायक मुख्याध्यापक आहे, स्वाभिमानी आहे, प्रसंगी हट्टी आणि अन्यायीही आहे. दयेला जागा न ठेवणारे असे पात्र लेखनिकेच्या टेबलावर बसून सुचणे कठीण.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'आँख मिचोली' या चित्रपटासंबंधीच्या याचिकेवर निकाल देताना काही मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. हिणवणारे शब्द टाळावेत, व्याधीचे चित्रण वैद्यकीयदृष्ट्या अचूक असावे, अपंग व्यक्तींना निर्णयप्रक्रियेत सहभागी करून घ्यावे, इत्यादी. लेखक, दिग्दर्शक, निर्माते व अभिनेते यांच्या प्रशिक्षणाचा उल्लेखही त्यात आहे. परंतु वर्गाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त आहे तो विनोदाविषयीचा भेद. अपंगत्वाची समज वाढविणारा विनोद वेगळा आणि अपंग व्यक्तीला हीन लेखणारा विनोद वेगळा, असे न्यायालयाने म्हटले आहे. विनोदावर सरसकट बंदी नाही. मराठी रंगभूमी व चित्रपटांतील बहिरेपणावरील आणि तोतरेपणावरील हशे विद्यार्थ्यांपुढे ठेवून, हसू नेमके कोणावर येते, असे विचारले तर तासभर उत्तम चर्चा होते, असा अनुभव आहे.

ध्वनिपट्टी

अंध विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न मात्र निकालाने सुटत नाही. तो तंत्राचा आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांतील प्रदर्शनासाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. कर्णबधिर व दृष्टिहीन या दोन्ही प्रेक्षकवर्गांसाठी क्लोज्ड कॅप्शन, ऑडिओ डिस्क्रिप्शन यांसारखी किमान एकेक सुविधा त्यांत अपेक्षित आहे. एकाहून अधिक भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांसाठी सहा महिन्यांची आणि इतरांसाठी दोन वर्षांची मुदत ठेवण्यात आली होती.

या दोन संज्ञा विद्यार्थ्यांना नीट समजावून द्याव्या लागतात. उपशीर्षके परक्या भाषेच्या प्रेक्षकासाठी असतात आणि केवळ संवाद देतात. क्लोज्ड कॅप्शनमध्ये कोण बोलत आहे, दार कोठे वाजले, संगीत केव्हा थांबले हेही लिहावे लागते. ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे दृश्याचे मोजके शाब्दिक वर्णन. ते दोन संवादांमधील मोकळ्या जागेत बसवावे लागते. मोकळी जागाच नसेल तर? संवाद संपताच पार्श्वसंगीत भरून टाकण्याची सवय आपल्याकडे फार आहे. अशा चित्रपटात वर्णनाला एक सेकंदही मिळत नाही. म्हणून हा निर्णय चित्रपट पूर्ण झाल्यावर घेता येत नाही. तो पटकथेच्या वेळीच घ्यावा लागतो.

आम्ही तोच लघुपट पुन्हा करावयास घेतला. पहिला प्रयोग पडदा झाकून केवळ ध्वनी ऐकण्याचा होता. बासरीने सारे व्यापले होते. ना रस्ता ऐकू येत होता, ना पावले. विद्यार्थ्यांनी बासरी काढली, तेव्हा मागे काहीच उरले नाही, कारण प्रत्यक्ष ठिकाणचा ध्वनी कोणी मुद्रित केलाच नव्हता. दोन दिवस मंडईत ध्वनिमुद्रण करावे लागले. अंध विद्यार्थ्याने संकलनाच्या वेळी शेजारी बसून वर्णनाची अकरा वाक्ये लिहिली. त्यांतील चार त्याने स्वतःच नंतर खोडली. ध्वनीतून कळते ते पुन्हा सांगू नये, असे त्याचे म्हणणे होते. त्या वर्षीच्या गुणपत्रकात छायाचित्रण, संकलन, ध्वनी व दिग्दर्शन असे चार रकाने होते. त्याचे नाव कोणत्याच रकान्यात बसत नसल्याने ते मी श्रेयनामावलीत घातले आणि पाचवा रकाना पुढील वर्षाच्या प्रस्तावात.