शरीरात विरघळणारे संवेदक

पोटाच्या आत घातलेले टाके काढण्यासाठी कोणी पुन्हा पोट उघडत नाही. ते आपोआप विरघळतात. पूर्वी हा दोरा जनावरांच्या आतड्यापासून बनवीत. १९७० च्या सुमारास प्रयोगशाळेत तयार केलेला धागा आला. त्याच जातीच्या पदार्थापासून आता शरीरात विरघळणारे संवेदक, म्हणजे सेन्सर, तयार होत आहेत.

त्यांची गरज कोठे पडते ते पाहू. डोक्याला जबर मार लागला की कवटीच्या आतला दाब वाढतो. निरोगी प्रौढात तो पाऱ्याच्या साधारण ७ ते १५ मिलिमीटर असतो. २२ च्या वर राहू लागला की मेंदूच्या रक्तपुरवठ्याला धोका असतो. तो मोजण्यासाठी कवटीला छिद्र पाडून नळी किंवा तार आत ठेवतात. त्या वाटेने जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि काम संपल्यावर ती काढावीच लागते.

२०१६ साली अमेरिकेतील जॉन रॉजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये तांदळाच्या दाण्याहून लहान अशा संवेदकाची माहिती दिली. त्यात सूक्ष्म पोकळीवर पॉलिमरचा पातळ पडदा असतो. दाब वाढला की पडदा वाकतो, त्यावरची सिलिकॉनची पट्टी ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो; त्यावरून दाब कळतो. ही माहिती विरघळणाऱ्या बारीक तारा कवटीवरच्या बिनतारी यंत्राकडे पोचवतात. सिलिकॉनचा थर केसाच्या जाडीहून शेकडो पट पातळ असल्याने शरीरातील द्रवात त्याचे हळूहळू सिलिसिक आम्ल होते आणि ते लघवीवाटे निघून जाते.

खरी अडचण वेळेची आहे. संवेदक लवकर विरू लागला तर आकडा चुकेल, आणि चुकीच्या आकड्यावर उपचार ठरतील. शिवाय हे प्रयोग उंदरांवर झालेले होते. आपल्या गावच्या रुग्णालयात तो लगेच मिळेल, अशी अपेक्षा धरू नये.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. मूतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनीत ठेवलेला स्टेंट काढायचा राहून जातो. दुखणे थांबल्यामुळे माणूस परत जात नाही, आणि त्याच स्टेंटवर नवे खडे साचतात. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. असे रुग्ण जळजळीवर औषध मागायला येतात, तेव्हा त्यांना आधी सर्जनकडे पाठवावे लागते. म्हणून घरात कोणाच्याही शरीरात काही बसवले, तर ‘हे केव्हा काढायचे?’ एवढे डॉक्टरांना अवश्य विचारा, आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.