गिटारचा सराव : किती, कसा आणि कुणाला सांगून?

पुण्यात गाणे-बजावणे शिकणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. भास्करबुवा बखले यांचा भारत गायन समाज १९११ चा, विनायकबुवा पटवर्धन यांचे गांधर्व महाविद्यालय १९३२ चे. पेटी, तबला, सतार यांच्या जोडीला आता पुष्कळ घरांत गिटारही दिसते, आणि ती केवळ कॉलेजकुमारांच्याच हातात असते असे नाही. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मुले मार्गी लागलेल्या गृहिणी, दिवसभर संगणकासमोर बसणारे इंजिनिअर हेही क्लासला जातात. त्यांतले काही जण सिनेगीतांवर समाधान न मानता जॅझच्या वाटेला लागतात.

जॅझ हा शब्द ऐकून बिचकायचे कारण नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेले हे संगीत १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागले. गोव्याच्या वादकांनी ते आत्मसात केले आणि चिक चॉकलेट यांच्यासारख्या कलावंतांमार्फत ते सी. रामचंद्रांच्या संगीतात शिरले. ज्यांनी १९५१ च्या 'अलबेला'ची गाणी ऐकली आहेत, त्यांच्या कानाला ते अगदीच परके नाही. आपल्याकडे रागाची चौकट असते, तशी तेथे स्वरमेळांची म्हणजे कॉर्डची चौकट असते आणि तिच्यात राहून वादकाने आयत्या वेळी स्वतःचे काही वाजवायचे असते.

आरोग्याच्या सदरात गिटार कोठून आली, असे वाचक म्हणतील. ती आली मनगटाच्या दुखण्यातून. हौसेने वाद्य शिकू लागलेला प्रौढ माणूस संकल्प सोडतो, तो बहुधा तासांचा असतो. 'रोज तीन तास वाजवणार, वर्षभरात मैफिलीत बसणार.' हा संकल्प घरी, कचेरीत, सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत जाहीर होतो. सोमवार ते शुक्रवार कामामुळे सराव होत नाही, म्हणून रविवारी एका बैठकीत सहा तास भरून काढले जातात. तिसऱ्या-चौथ्या रविवारी अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागते. तरीही वाजवणे थांबत नाही, कारण सगळ्यांना सांगून बसलेलो असतो. शेवटी गिटार कपाटावर जाते. आपल्याला काहीच जमत नाही ही खंत मात्र मनात राहते, आणि उतारवयात ती खंत मनगटाच्या दुखण्यापेक्षा जड असते.

स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा यांना कामाची सवय हळूहळू लागते. वादकांची हाताची दुखणी पुष्कळदा एकाएकी वाढवलेल्या सरावातून उद्भवतात. परीक्षा जवळ आली, नवे वाद्य आणले, नवी अवघड पद्धत सुरू केली की ती डोके वर काढतात. म्हणून पहिली गोष्ट ही की ध्येय तासांत मांडू नये. 'या आठवड्यात डी मायनर सेव्हन, जी सेव्हन आणि सी मेजर सेव्हन हे तीन कॉर्ड, मेट्रोनोमच्या साठ ठोक्यांवर, न थांबता चार वेळा' हे ध्येय झाले. ते पुरे झाले की नाही, हे शनिवारी नक्की सांगता येते. 'जॅझ शिकणार' ही इच्छा आहे. ती चांगलीच आहे, पण ती पुरी झाली की नाही हे कधीच कळत नाही आणि मग माणूस हात दुखेपर्यंत वाजवत राहतो.

थोडे घेऊन ते पक्के करणे ही रीत आपल्याला नवी नाही. भीमसेन जोशी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकत असताना गुरूंनी त्यांच्याकडून मुख्यतः तोडी, मुलतानी आणि पुरिया या तीन रागांवर मेहनत करून घेतली, ही हकीगत पुणेकरांना तरी सांगायला नको. मात्र त्या काळच्या गुरुगृहातल्या तासांचे आकडे ऐकून पंचावन्नाव्या वर्षी त्यांचे अनुकरण करू नये. ते कोवळ्या वयात आणि गुरूच्या नजरेखाली चालत असे.

नवशिक्याने वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका कराव्यात आणि मध्ये पाच-दहा मिनिटे हात मोकळा सोडावा. एक साधी वही ठेवावी. तारीख, काय वाजवले, किती ठोक्यांवर, आणि शेवटच्या रकान्यात दुखले का, कुठे, किती वेळ. हा शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत, आणि डॉक्टरला सर्वांत उपयोगी तोच असतो.

आता ध्येय सांगायचे की नाही? याबाबत मानसशास्त्रज्ञांनी जे पाहिले ते मोठे मजेशीर आहे. पीटर गोल्विट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कायद्याचे विद्यार्थी होते. चांगला कायदेपंडित होण्याचा ज्यांचा निश्चय दुसऱ्याच्या नजरेस आला, त्यांनी पुढे अभ्यासाला वेळ कमी दिला. ज्यांचा निश्चय कुणी पाहिला नाही, ते अधिक वेळ बसले. जणू दुसऱ्याने मान डोलावली की अर्धे काम झाल्यासारखे मनाला वाटते. उलट शेफिल्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये १३८ अभ्यासांचा, म्हणजे सुमारे वीस हजार लोकांचा एकत्र आढावा घेतला. आपल्या प्रगतीवर नजर ठेवणारे लोक ध्येय अधिक प्रमाणात गाठतात, असे त्यांना आढळले. ती प्रगती लिहून ठेवली किंवा इतरांना कळवली, तर परिणाम आणखी चांगला होतो.

माझ्या मते या दोन गोष्टींत विरोध नाही. आपण कोण होणार हे जाहीर करू नये. या आठवड्यात काय केले ते जरूर सांगावे. फुशारकी आणि हिशेब यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. हिशेब द्यायला गावभर लोक लागत नाहीत, एक-दोन माणसे पुरतात. क्लासमधला बरोबरीचा विद्यार्थी यासाठी उत्तम. शनिवारी फोनवर पाच मिनिटे, एवढेच. आणि त्याने विचारायचे प्रश्न दोन : ठरवलेले झाले का, आणि हात कसा आहे? दुसरा प्रश्न विचारणारा कुणी असला, तर सहा तासांचा रविवार सहसा घडत नाही. ज्याच्याशी चढाओढ लागते, असा जोडीदार मात्र निवडू नये. शेजारचा मुलगा ऐंशी ठोक्यांवर वाजवतो म्हणून आपण नव्वदवर जाणे, हा दुखण्याला आमंत्रण देण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

एखादा दिवस बुडाला तर? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले; कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात दिसले. तेव्हा बुडालेला सराव रविवारी व्याजासह फेडू नये.

थोड्यावर भागवण्याची जॅझमध्ये परंपराच आहे. जँगो राइनहार्ट या वादकाचा डावा हात १९२८ मध्ये आगीत भाजला आणि दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांनी तारांवर धावण्याची नवी रीत त्याने बसवली आणि जगभर नाव मिळवले. वेस माँटगोमेरी रात्री घरच्यांची आणि शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून अंगठ्याने हळू वाजवू लागला, असे सांगतात; पुढे तीच त्याची ओळख झाली. मात्र दिवसा कारखान्यात काम आणि रात्री क्लबात वादन असा त्याचा कित्येक वर्षांचा क्रम होता आणि १९६८ मध्ये वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने तो गेला. दोन्ही गोष्टींचा संबंध जोडता येत नाही, पण झोपेचा बळी देऊन सराव करू नये. दिवसा गिरवलेली बोटांची हालचाल झोपेत पक्की होते, असे मेंदूचे अभ्यासक सांगतात.

बोटांची टोके सुरुवातीचे काही आठवडे हुळहुळणारच. त्याला औषध नको. सबंध पंजा आवळून धरावे लागणारे कॉर्ड सुरुवातीला टाळून तीन तारांवरचे घ्यावेत. तारा फार उंच असतील तर दुकानातून खाली करून घ्याव्यात. डावे मनगट फार वाकवू नये. मात्र वाजवणे थांबवल्यावरही कळ राहत असेल, रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येत असेल, बोट मिटल्यावर अडकून खटकन उघडत असेल, किंवा पकड सुटून वस्तू पडत असतील, तर वाद्य बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असणाऱ्यांत बोट अडकणे, हात बधिर होणे आणि खांदा आखडणे या तक्रारी अधिक आढळतात. त्यांनी वाट पाहू नये. जाताना वही आणि शक्य असेल तर गिटारही बरोबर न्यावी. दुखणाऱ्या हाताची तपासणी रिकाम्या हाताने अर्धीच होते.